दोर

सकाळी सातलाच फड साहेबांनी
प्रांत कचेरीसमोर फक्कीची रेघ ओढली,
चुन्याचा हात खाकीला पुसला अन् म्हणाले,
झाडवाले इकडं, फोटोवाले तिकडं.
मधी तुम्ही.
तुम्ही म्हणजे आम्ही होमगार्ड,
सहा बाया, चार गडी
आणि पिवळ्या नायलॉनचा एक दोर.

लातूर रोडच्या वडांवर तांबडे आकडे पडलेत.
एसटीच्या खिडकीतून चौऱ्याण्णवपर्यंत मोजले मी,
पुढं डोळा लागला.
रस्ता रुंद होणार, म्हणजे तेवढे आकडे आडवे होणार.
म्हणून झाडवाले आले :
कॉलेजची पोरं, दोन वकील,
आणि रोपवाटिकेचे खाजामियाँ, हातात पारंबीचा तुकडा
कोर्टात पुरावा धरावा तसा.
फोटोवाले आले बारवेच्या वळणासाठी,
वडाच्या बुंध्याआड समोरची गाडी दिसत नाही तिथं,
जिथं त्यांची माणसं गेली.
फ्रेमा भिंतीवरून उतरवून आणलेल्या,
काहींच्या पाठीला कोळ्याचं जाळं तसंच.

अकराला घोषणा सुरू झाल्या.
"झाड तोडाल तर" आणि "माणूस मेला तर"
दोन्हींचा शेवट एकमेकांत बुडून गेला.
दोर घामानं ओला.
मला वाटलं, हे कशाला?
निवेदन टपालानं आलं नसतं का?
आवकचा शिक्का तर एकच आहे.

बाराला कचेरीतल्या लिंबाची सावली सरकली.
तिनं कुठं परवानगी काढली होती!
रेघ ओलांडून फोटोवाल्यांच्या पायाशी गेली
आणि ते गुमान तिच्यात उभे राहिले.
पलीकडून एक पोरगं हसलं.
त्याच्याच वकिलानं त्याला गप केलं.

मग शिनगारे बाई पुढं आल्या, फोटो छातीशी.
मी दोर ताणला.
त्यांनी त्याला हातही लावला नाही.
खाजामियाँला विचारलं,
"वळणावरल्या त्या वडाचं वय काय हो?"
"असंल एकशेवीस."
"माझा चोवीसचा होता."
खाजामियाँनी पारंबी खाली केली.
बोलले नाहीत. कबूलही केलं नाही.
बाईच म्हणाल्या,
"सावली गार असती बगा त्याची.
तिथंच टेकवलं होतं लेकराला, अँब्युलन्स येईस्तोवर."

माइक नुसता खरखरत राहिला जरा वेळ.
मग पुन्हा सुरू झालं, तेवढ्याच मोठ्यानं.
उगं सांगत नाही, कुणाचंच मन बदललं नाही.
पण मधे थांबून घेत होते लोक,
समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत.

दोन सालामागं ह्याच चौकात जमावबंदी होती.
तेव्हाही माझी ड्यूटी.
अकरा दिवस रिकामा चौक राखला आम्ही,
चार माणसं दिसली की शिट्टी मारायची.
कुणाचं काय म्हणणं होतं, अजून ठाऊक नाही.
रात्री भिंतीवर कोणीतरी लिहायचं,
उजाडायच्या आत दुसरं कोणीतरी पुसायचं.
त्या ओल्या भिंतीचं मला भ्या वाटायचं.
आज चारशे माणसं अंगावर होती, तसं वाटलं नाही.

साडेतीनला प्रांत साहेब बाहेर आले,
दोन्ही कागद घेतले, "वर कळवतो" म्हणाले.
माणसं पांगली. एक चप्पल उरली, लहान मुलीची.
फक्कीची रेघ कुठं राहिली नव्हती,
सगळ्यांच्या पायाला लागून घरोघर गेली.

दोर गुंडाळताना तळहात पाहिला,
तांबडा वळ उठलेला, आडवा.
सत्वशीला म्हणाली, पाच महिने झाले भत्ता नाही.
पुढच्या सोमवारी आपणही बसायचं का इथं?
अर्ज मी लिहिते, म्हटलं.

फड साहेब फक्कीची पिशवी बांधत ऐकत होते.
म्हणाले, बसा की. रेघ मारून देतो.
दोर धरायला माणसं कुठून आणू,
तेवढं सांगा.